शिकण्याची किंमत कोणी मोजावी?



मालट्रक चालविण्याचा परवाना वयाच्या 20 व्या वर्षापूर्वी मिळत नाही. 1988 चा मोटार वाहन कायदा त्यासाठी प्रशिक्षणशाळेचा दाखलाही मागतो. 2019 साली आठवी उत्तीर्णतेची अट गेली. शुल्काचा बोजा मात्र राहिला.

भूमिहीनाचा मुलगा हे शुल्क सावकाराकडून आणतो, किंवा क्लीनर म्हणून तुटपुंज्या मजुरीवर वर्षे काढून चाक हाती घेतो. दोन्ही मार्गांनी खर्च श्रमिकच सोसतो. तयार कौशल्य मालकाच्या पदरी पडते. कर्जात बुडालेला चालक रात्रीची फेरी नाकारू शकत नाही. 1961 च्या कायद्याने दिलेला 8 तासांचा दिवस कागदावरच राहिला, त्याचे हे एक कारण.

म्हणून मागणी स्पष्ट हवी : प्रशिक्षणाचा खर्च मालकाने व शासनाने उचलावा, शिकाऊ काळातही पूर्ण वेतन मिळावे.