बोटीवरचा एसी आणि माझा जनरेटर

(मंडळाच्या उन्हाळी सहलीआधी झालेल्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



पूर्वी आपल्या मंडळात नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न असायचा, "घर घेतलंत का?" आता "बोट घेतलीत का?" असा असतो. आणि बोट घेतली की पहिल्याच जुलैत मला फोन येतो, "अहो, घरचा तो छोटा जनरेटर बोटीवर ठेवला तर एसी चालेल का हो?" दरवेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा एकदाच सगळ्यांसमोर बोला, असं कार्यकारिणीनं सुचवलं. खरं म्हणजे आमच्या हिनं सुचवलं, कार्यकारिणीनं मान्य केलं.

चेसापीकच्या उपसागरातला ऑगस्ट ज्यांनी बोटीवर काढलेला नाही, त्यांनी मुंबईचा मे महिना आठवावा, त्यातला वारा काढून टाकावा आणि प्लॅस्टिकच्या डब्यात जाऊन बसावं. पाण्यात उडी मारावी म्हटलं तर जेलीफिश. मरीनात असलो तर धक्क्यावरून ३० अँपिअरची वीज मिळते, एसी लावून खुशाल झोपा. पण नांगर टाकून एखाद्या शांत खाडीत राहायचं म्हटलं की वीज नाही. मग माणसाला गॅरेजमधला जनरेटर आठवतो. माझ्याकडे तो २०१२ च्या जूनमधल्या वादळानंतर आला. आठवत असेल तुम्हाला, डेरेचो म्हणतात ते. मेरीलँडमध्ये कितीतरी घरांत कित्येक दिवस दिवे नव्हते.

आता थोडं गणित. माझी बोट ३४ फुटी, जुनी. एसी १६,००० बीटीयूचा, म्हणजे सव्वा टनाच्या थोडा वर. बोटीचा एसी उष्णता हवेत टाकत नाही, पाण्यात टाकतो. एक पंप खालून खारं पाणी ओढतो आणि ते यंत्रातून फिरून बाहेर पडतं. (जाळीत जेलीफिश अडकला की पाणी बंद, आणि एसीही बंद. पहिल्या वर्षी मी मेकॅनिकला बोलावून पैसे घालवले, तुम्ही आधी जाळी बघा.) माझा एसी चालू असताना पंपासकट साधारण १३ अँपिअर घेतो. जनरेटर दोन हजार वॉटचा म्हणून विकत मिळतो, पण सतत देतो १६००. १२० व्होल्टला तेही १३ अँपिअरच. कागदावर जेमतेम बसतं. पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या चौपट-पाचपट करंट मागतो. जनरेटर कण्हतो, ओव्हरलोडचा दिवा लागतो, खेळ खलास. त्यावर सॉफ्ट स्टार्टर नावाची छोटी डबी मिळते, ती हा पहिला झटका निम्म्याहून खाली आणते. ती बसवली, पाण्याचा हीटर आणि मायक्रोवेव्ह बंद ठेवले, की एसी चालतो. झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर. फोनवर बहुतेक जण इथेच "थँक्यू" म्हणून ठेवतात.

इलेक्ट्रिकलवाले इथे आहेत म्हणून न्यूट्रलचंही सांगतो. धक्क्यावरच्या विजेत न्यूट्रल आणि अर्थ किनाऱ्यावर जोडलेले असतात. या छोट्या जनरेटरमध्ये ते बहुधा जोडलेलेच नसतात, त्यामुळे बोटीच्या पॅनेलवरचा उलट्या वायरिंगचा दिवा मिणमिणत राहतो. "कायम मिणमिणतो" म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करू नका, त्या अवस्थेत एखादी वायर धातूला टेकली तरी ब्रेकर पडेलच असं नाही. दुसरं, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते. बोटीसाठीच बनवलेल्या जनरेटरची ठिणगी बाहेर पडू नये अशी सोय असते, गॅरेजातल्याची नसते. शिवाय त्याची टाकी एका गॅलनची. पूर्ण लोडवर तीन-सव्वातीन तास. म्हणजे रात्री दोन वाजता झोपेतून उठून, हलत्या डेकवर, टॉर्च तोंडात धरून, गरम इंजिनात पेट्रोल ओतायचं. मी हे केलेलं आहे. दोनदा.

आता २०१४ चा ऑगस्ट. आई रत्नागिरीहून आली होती. तिला र्‍होड रिव्हरमध्ये नेऊन नांगर टाकला. नांगरावरची बोट तोंड वाऱ्याकडे करते, म्हणून जनरेटर मागच्या फळीवर ठेवला. धूर मागच्या मागे जाईल. इंजिनिअरचं डोकं! केबिनचं दार लावून घेतलं, फक्त वायर आत घ्यायला चार बोटं फट ठेवली. थंडगार झोपलो.

दीडच्या सुमारास आई म्हणाली, "बाळ, डोकं फार चढलंय रे. मळमळतंय." मी म्हटलं, "बोट लागली असेल, झोप." माझंही डोकं जड होतं, ते मी उन्हावर घातलं. झालं असं होतं की भरती-ओहोटी बदलली, वारा पडला, बोट प्रवाहाबरोबर फिरली. उरलीसुरली झुळूक आता मागून येत होती. जनरेटरचा सगळा धूर त्या चार बोटांच्या फटीतून आत.

अलार्म वाजला. तो अलार्म माझ्या मुलीचा. ती तेव्हा चौदा वर्षांची. बोट चालवायचा दाखला मिळवायला तिनं वर्ग केला होता. मेरीलँडच्या कायद्याप्रमाणे १ जुलै १९७२ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना तो दाखला लागतो. मी १९६८ चा, मला सूट! त्या वर्गात तिनं कार्बन मोनॉक्साइडचा धडा वाचला आणि माझ्यामागे लागून तो अलार्म घ्यायला लावला. त्या रात्री मी काय केलं सांगू? व्होल्टेज कमी पडलं असेल म्हणून तो बंद करायला उठलो. मुलगी ओरडली, "बाबा, डोन्ट! आजीला बाहेर काढ!"

आईला उभं राहता येईना. दोघांनी उचलून डेकवर आणलं, हिनं जनरेटर बंद केला, मुलीनं व्हीएचएफवर सोळा नंबरच्या चॅनेलवर मदत मागितली. बचाव बोटीवरच्या माणसानं आईच्या बोटाला चिमटा लावला, तर आकडा ९८! मी सुटकेचा श्वास टाकला. तो म्हणाला, "धिस मीन्स नथिंग, सर." हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला दोघांतला फरक कळत नाही. कोविडनंतर आपल्या सगळ्यांच्या घरी ते यंत्र आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. हॉस्पिटलात रक्त तपासलं, रात्रभर मास्कनं ऑक्सिजन दिला, दुपारी आईला घरी सोडलं.

आम्ही उघड्यावरच बसतो, असं कोणी म्हणेल. २००० साली यूटामधल्या लेक पॉवेलवर दोन लहान भाऊ हाउसबोटीच्या मागच्या फळीखालच्या पोकळीत पोहताना गेले. जनरेटरचा धूर तिथे साचलेला होता. आता नव्या जनरेटरना वायू साचला की आपोआप बंद व्हायची सोय येते. पण ती जनरेटरजवळची हवा तपासते, तुमच्या उशीजवळची नाही. घराच्या बाबतीत सांगतात, जनरेटर वीस फूट दूर ठेवा, दारं-खिडक्यांपासून लांब. ३४ फुटी बोटीवर वीस फूट दूर म्हणजे कुठे, पाण्यात?

माझ्या मते झोपायचं असेल तर तो बोटीवर नकोच. माझा आता घरीच असतो, वीज गेली तर अंगणाच्या टोकाला लावतो. बोटीवर १२ व्होल्टचे दोन पंखे आणि हॅचवर वारा आत घेणारं कापडी शीड आहे; जून-सप्टेंबरात पुरतं. पैसे असतील त्यांनी लिथियम बॅटऱ्या बघाव्यात. पाच हजार बीटीयूचा छोटा एसी साडेचारशे-पाचशे वॉट घेतो, रात्रभराला १०० अँपिअर-अवरच्या तीन-चार बॅटऱ्या लागतात. मोठ्या एसीला याच्या तिप्पट तरी धरा. आणि ऑगस्टात सरळ मरीनात जा, धक्क्यावर वीज घ्या.

आई पुढच्या वेळी मे महिन्यात आली. बोटीवर पाय ठेवला आणि नातीला विचारलं, "तुझं ते ओरडणारं यंत्र कुठंय गं?" मुलीनं दाखवलं. तिनं बटण दाबून वाजवायला लावलं, मगच आत गेली.

कोणाला प्रश्न असतील तर विचारा. सॉफ्ट स्टार्टरची वायरिंग नंतर चहाच्या वेळी दाखवतो.