टाळेबंदीतील क्लब



25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी आली आणि आमच्या गोल्फ क्लबाच्या फाटकास कुलूप लागले. सभासद घरी बसले. गवत काही बसेना! त्यात ग्वाल्हेरचा मे महिना, पारा 45 अंशांकडे. हिरवळीचे पाणी चुकले की ती गेलीच.

खेळ नाही तर वर्गणी कशाची, असे काही सभासदांनी विचारले. ते गैर नव्हते. पण माळी कोठे जाणार? आम्ही फक्त हिरवळी भिजविल्या, फेअरवे वाळू दिले आणि मेजवान्यांचा निधी पगारास लावला. कॅडींची मिळकत तर फेरीगणिक, आणि फेरीच नाही. त्यांच्यासाठी निराळी झोळी फिरविली. ती वर्गणीआधी भरली. फेअरवेवर हरळीच होती, ती पावसाने पुन्हा फुटली.