वास नाही, चव नाही, तरी विष

गणपतीत चलथाणच्या आपल्या घरांत शेव, लोणची, तेलातला लसणाचा ठेचा असतोच. म्हणून आज आम्ही बोटुलिझमबद्दल चार शब्द सांगतो.

सप्टेंबर १९९६ मध्ये आपल्याच गुजरातेत एका निवासी शाळेचे ३४ विद्यार्थी आजारी पडले, काही दगावले. संशय बोटुलिझमचा होता. हे विष करणारे जंतू शेवेत सापडले.

या जंतूंचे बीजाणू मातीत असतात, साध्या उकळण्याने मरत नाहीत. हवा आणि आंबटपणा नसला की ते वाढतात, विष तयार करतात. तेलाखाली हवा नसते, म्हणून नुसत्या तेलावर विसंबू नये. लोणचे राखते ते आंबटपणा आणि मीठ. ठेचा फ्रिजमध्येच ठेवून चार दिवसांत संपवू. फुगलेला डबा चाखूनसुद्धा पाहू नये, सरळ टाकावा.

वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, गुटीतूनही नाही. आपल्या आज्यांनी तो मायेने चाटवला. आपण मायेनेच थांबू.

पापण्या जड झाल्या, एकाचे दोन दिसू लागले, घास गिळवेना, तर सकाळची वाट न पाहता सुरतेच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. प्रतिविष जितके लवकर, तितके बरे.

गणपती बाप्पा मोरया!