पियानोची मैफल आणि आपला कान



एखाद्या जिल्ह्याच्या गांवीं संगीत-मंडळाची सभा भरली आहे, वर्षाच्या कार्यक्रमांची आंखणी चालली आहे, आणि कोणी एकानें सुचविलें कीं, यंदाच्या हिंवाळ्यांत पियानोच्या तीन-चार बैठकी ठेवूं या. म्हणजे पुढें काय होईल ह्याची कल्पना करणें कठीण नाहीं. एक गृहस्थ हंसतील, दुसरे खर्चाचा आंकडा विचारतील, आणि तिसरे, जे खरे जाणकार, ते म्हणतील, 'ज्या वाद्यांत मींड नाहीं तें आम्हांस काय सांगणार?' पहिल्या दोघांना तूर्त बाजूस ठेवूं. तिसऱ्यांचा प्रश्न मात्र उत्तरास पात्र आहे, आणि आजचें भाषण मुख्यतः त्यांच्यासाठींच आहे. बोलतांना माझ्या डोळ्यांसमोर जालना आहे. पोलादाच्या सळया आणि शेतीचें बियाणें ह्यांकरितां ह्या गांवाची ख्याति. पियानोच्या संदर्भांत त्याचें नांव कोणी घेत नाहीं.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, पियानोची पट्टी आपल्या घरांत केव्हांच शिरलेली आहे. गवई कोणत्या स्वरांत गातो असें विचारलें, तर 'काळी एक', 'पांढरी दोन' असें उत्तर येतें, आणि तें सर्वांना कळतें. ही भाषा पेटीची, व पेटीची पट्टी म्हणजे पियानोच्याच पट्टीची धाकटी बहीण. संगीत नाटकांनीं ऑर्गन रंगमंचापुढें आणून बसविला. गोविंदराव टेंब्यांनीं पेटीला साथीच्या जागेवरून उठवून स्वतंत्र वादनाचा मान मिळवून दिला. उलट, मी आज ज्या नभोवाणीवरून बोलत आहें तिनेंच १९४० सालीं पेटीला दार लावून घेतलें, आणि तें १९७१ पर्यंत उघडलें नाहीं. त्या तीस वर्षांत घरोघरचीं मुलें मात्र पेटीवरच सरगम शिकत होतीं.

तरीही बंदी घालणारांचा आक्षेप खोटा नव्हता. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले, तर पियानोंत एका पट्टीपासून लगतच्या पट्टीचें अंतर बरोबर १०० भागांचें असतें. त्या हिशेबानें शुद्ध गंधार षड्जापासून ४०० भागांवर पडतो. नीट लागलेल्या तंबोऱ्यांतून जो गंधार न छेडतां आपोआप उमटतो, तो सुमारें ३८६ भागांवर असतो. पंचमांत फरक जेमतेम दोन भागांचा, म्हणून तो खटकत नाहीं. गंधारांतले चौदा भाग तयार कानाला टोंचतात. कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनीं बावीस श्रुतींवरचा आपला इंग्रजी ग्रंथ १९१० सालीं प्रसिद्ध केला, आणि ई. क्लेमेंट्स ह्या सनदी नोकरींतील इंग्रज गृहस्थाबरोबर श्रुतींची स्वतंत्र पेटी करविण्याचा खटाटोप केला, तो ह्याच टोंचणीमुळें. तेव्हां पियानोवर यमन वाजवूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. सिनेमाच्या गीतांत त्याची सोबत गोड लागते हें खरें. पण मैफलींत तसें केल्यास यमनालाही न्याय मिळत नाहीं आणि पियानोलाही.

मग युरोपियन लोकांचा कान जड आहे काय? तसें नाहीं. त्यांनीं तो चौदा भागांचा तोटा समजून उमजून पत्करला, कारण त्यांना दुसरी एक वस्तु हवी होती. आपला षड्ज मैफलभर अचल असतो. तंबोरा त्याला जागचा हलूं देत नाहीं. त्यांचा षड्ज प्रवास करतो. एका रचनेंत तो चार घरें हिंडून मूळ घरीं येतो, आणि ह्या जाण्या-येण्यांतच त्यांच्या संगीताची पुष्कळशी कथा सामावलेली असते. कोणत्याही पट्टीला षड्ज करतां यावयाचा, तर सर्वांनीं थोडें थोडें सोसलें पाहिजे. योहान सेबास्टियन बाखनें १७२२ सालीं बाराही स्वरांना षड्ज मानून, तीव्र व कोमल गंधाराच्या मिळून २४ जोडरचनांचा संग्रह सिद्ध केला, तो ह्या युक्तीचें सामर्थ्य दाखविण्यासाठींच. त्याच्या वेळची जुळवणी आजच्याइतकी काटेकोर समान नसावी असें पुष्कळ अभ्यासक मानतात. तो वाद येथें नको.

वाद्य म्हणून पियानोची जन्मकथा सोपी आहे. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या पदरीं असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी ह्या कारागिरानें १७०० च्या सुमारास अशी रचना केली कीं, पट्टी दाबतांच लहानशी हातोडी तारेवर आपटावी आणि लगेच मागें यावी. तोंवरच्या पट्टीच्या पुष्कळ वाद्यांत तार खुडली जाई. बोट हलकें ठेवा कीं जोरानें मारा, नाद तेवढाच. आतां बोटाचें वजन नादांत उतरूं लागलें. 'पियानो' ह्या इटालियन शब्दाचा अर्थच मुळीं 'हळू' असा आहे. 'फोर्ते' म्हणजे 'जोरानें' हा नांवाचा उरलेला भाग व्यवहारांत गळून पडला.

पण हातोडी मागें आली कीं स्वर विझूं लागतो. तो धरून ठेवतां येत नाहीं, वांकवतां तर मुळींच येत नाहीं. हाच आक्षेप पंडित शिवकुमार शर्मा ह्यांना संतुराबद्दल ऐकावा लागला. १९५५ सालीं मुंबईच्या मैफलींत त्यांनीं तें वाद्य प्रथम मांडलें तेव्हां जाणकारांनीं नाकें मुरडलीं. पुढें वाद्यही बदललें आणि कानही. पियानोवाल्यानें विझणाऱ्या स्वरावर दुसराच उपाय काढला: एक स्वर विझण्याच्या आंत त्याच्याभोंवतीं इतर स्वरांचा संसार उभा करावयाचा.

म्हणून ऐकणारानें पहिल्या बैठकींत एवढेंच करावें: डावा हात ऐकावा. आपली संवय वरच्या सुरावटीमागें जाण्याची. खालचें तें सारें साथ, असें आपण गृहीत धरतों. बाखच्या दोन आवाजांच्या लहान रचना, पंधरा आहेत, प्रत्येकी दीड-दोन मिनिटांच्या, त्या ह्या अभ्यासाला फार चांगल्या. उजवा हात एक वाक्य बोलूं लागतो. तें संपण्यापूर्वींच डावा तेंच वाक्य खालच्या सप्तकांत उचलतो, आणि उजवा त्याला उत्तर देत पुढें जातो. भजनांत एकाचा चरण संपल्यावर झीलकरी तो धरतात; येथें दोघे एकाच वेळीं बोलत असतात आणि तरी गोंधळ होत नाहीं.

आतां जालन्याकडे वळूं. ह्याच जिल्ह्यांतील असई गांवीं २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं आर्थर वेल्स्लीची लढाई झाली, हें शाळेंतल्या मुलासही ठाऊक असतें. त्याचा बाप डब्लिनच्या विद्यापीठांत संगीताचा पहिला प्राध्यापक होता, आणि तो स्वतः तरुणपणीं व्हायोलिन वाजवी, हें मात्र थोड्यांना ठाऊक आहे. त्याच १८०३ सालीं पॅरिसच्या एरार कारखान्यानें व्हिएन्नास बेथोव्हनकडे एक नवा पियानो पाठविला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत 'वाल्डस्टाईन' नांवाची त्याची प्रचंड सोनाटा लिहिली गेली. पुढें वेल्स्लीनें स्पेनमध्यें १८१३ सालीं मिळविलेल्या विजयावर बेथोव्हननें एक वाद्यवृंदाची रचनाही केली. ती त्याच्या किरकोळ कृतींपैकीं आहे, आणि आमच्या हंगामांत तिची गरज नाहीं.

खरा धागा ह्याहून जुना व पुष्कळ मोलाचा आहे. जालन्यापासून सुमारें पाऊणशें किलोमीटरांवर देवगिरी. तेथें यादव राजा सिंघण ह्याच्या आश्रयास शार्ङ्गदेव होता, आणि तेराव्या शतकांत तेथेंच त्यानें 'संगीतरत्नाकर' रचला. त्यांत १२० देशी तालांची यादी आहे. आपल्या आजच्या मैफलींतून ते ताल बहुतेक लुप्त झाले. परंतु ऑलिव्हिये मेस्सियाँ ह्या फ्रेंच रचनाकारास ती यादी पॅरिसमध्यें छापलेल्या एका संगीत-विश्वकोशांत सांपडली, आणि तो आयुष्यभर तिच्यांत रमला. दुसऱ्या महायुद्धांत तो जर्मनांच्या कैदेंत पडला. गोर्लिट्झ येथील कैद्यांच्या छावणींत १५ जानेवारी १९४१ रोजीं, कडाक्याच्या थंडींत, व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट आणि पियानो ह्या चार वाद्यांसाठीं लिहिलेली त्याची रचना प्रथम वाजली. पियानो मोडका होता. पट्ट्या दाबल्या तर वर येत नसत, असें त्यानेंच पुढें सांगितलें. त्या रचनेच्या पहिल्या भागांत पियानोवाला जी लय पुन्हा पुन्हा फिरवतो, ती रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश ह्या शार्ङ्गदेवाच्या तीन तालांची सांखळी आहे. देवगिरीच्या पंडिताचे ताल ज्या वाद्यावर ऐकूं येतात, तें वाद्य मराठवाड्याला परकें म्हणतां येईल, असें मला वाटत नाहीं.

राहिला व्यवहार. मुंबईस १९६९ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय प्रयोगकला केंद्र आहे. पुण्याच्या कॅंपांत पूना म्युझिक सोसायटी आहे. गोव्यांत चर्चच्या शाळांनीं पिढ्यान्पिढ्या स्वरलिपि शिकविली. जालन्यास ह्यांपैकीं कांहीं नाहीं, म्हणून वाद्य आणि वादक दोन्ही रेल्वेनें चारशेंहून अधिक किलोमीटरांवर असलेल्या मुंबईकडून येणार. मोठा पियानो पावणेतीन मीटर लांब व जवळजवळ पांचशें किलो वजनाचा. २३० च्या आसपास तारा, आणि त्या सर्वांची मिळून ओढ वीस टनांच्या घरांत. ज्या गांवाला पोलादाची पारख आहे त्याला ह्या आंकड्याचा अर्थ सांगावयास नको. नादफळी मात्र लांकडाची. पावसाळ्यांत ती फुगते, वैशाखाच्या झळांत आक्रसते, आणि दोन्ही वेळीं स्वर सरकतात. म्हणून हंगाम मार्गशीर्ष ते माघ एवढाच धरावा, वाद्य एक-दोन दिवस आधीं आणून सभागृहाची हवा त्याला लागूं द्यावी, आणि जुळवणी कार्यक्रमाच्या दिवशींच करावी.

ध्वनिवर्धक नको. दीडशें-दोनशें माणसांच्या दालनांत त्याची गरज नाहीं, आणि पियानोचा 'हळू' तर कर्ण्यांतून उरतच नाहीं. विजेचा पियानो शिकणाऱ्या मुलाला पुरेसा आहे, मैफलीला नाहीं. सोनाटेचे तीन-चार भाग असतात. त्यांच्यामधल्या शांततेंत टाळ्या वाजविण्याची चाल नाहीं, पण कोणी वाजविल्याच तर कपाळाला आंठ्या घालूं नयेत. आपल्याकडे दाद जागच्या जागीं देतात, आणि ती संवय एका हिंवाळ्यांत जाणार नाहीं.

मध्यंतरांत बहुधा जुळवणी करणारा कारागीर वाद्यापाशीं येईल. तेव्हां सगळ्यांनींच चहाकडे धांवूं नये. तो दोन स्वर एकत्र वाजवून त्यांच्यांतील कंपाची लहर कानानें मोजतो, आणि गंधार हेतुपुरस्सर किंचित् चढा ठेवून पुढच्या तारेकडे वळतो. जाणकार गृहस्थांनीं त्याच्या शेजारीं उभें राहून तें एकदां अवश्य ऐकावें.