एकटीच आलात?

(शिरगाव, बदलापूर येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिरगावातून भल्या सकाळी बाई बाहेर पडते ती कशासाठी, हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक असते. कामावर, दवाखान्यात, माहेरी, नाहीतर कुणाच्या लग्नाला. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी मी कोंडाण्याची लेणी बघायला एकटी निघाले, तेव्हा माझ्यापाशी यातले एकही कारण नव्हते. कर्जत लोकल, कर्जतहून टमटमने कोंदिवडे, पुढे पायी चढण. दिवसभर एकच प्रश्न ऐकला, "एकटीच आलात?" टमटमवाल्याने काळजीने विचारला, मुंबईच्या पोरांनी हसत विचारला, आणि जंगलातून मोळी घेऊन उतरणाऱ्या एका ठाकर बाईनेही विचारला. ती स्वतः एकटीच होती! पण तिच्या डोक्यावर ओझे होते ना. ओझे असले की बाईचे एकटेपण कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

आपल्या बदलापुरावरून जी उल्हास वाहते, तिच्याच खोऱ्यात, राजमाचीच्या पायथ्याशी ही लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. चैत्यगृहाची भली मोठी कमान आहे, शेजारी विहार आहे. चैत्याचे बरेच खांब खालून झिजून, तुटून गेलेत. दर्शनी भागावर डावीकडे एका मूर्तीचे डोके उरले आहे आणि त्याच्याजवळ एक ओळ कोरली आहे: कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. म्हणजे इथे नाव आहे ते पुरुषाचे.

बायांची नावे पाहायला घाट ओलांडावा लागतो. बेडशाला पाण्याच्या टाक्यावर लेख आहे. ते टाके दिले सामडिनिका नावाच्या महारठिनीने. लेखात ती महाभोजाची मुलगी आहे, आपदेवणकाची बायको आहे, पण दान तिच्या स्वतःच्या नावाने आहे. कार्ल्याला कोडी नावाची भिक्षुणी भेटते. तिने दगडी वेदिका दिली, नंदिकाने ती घडवली, आणि लेख तिला घुणिकाची आई म्हणतो. घर सोडले तरी आईपण पुसलेले नाही, हे मला फार आवडले. नाशिकला नहपानाची मुलगी दक्षमित्रा आहे, मुलाचे पराक्रम कोरवणारी गौतमी बलश्री आहे. धर्मादाय करायला तरी यांच्या हातात काही होते. आपल्यातल्या कितीजणींच्या नावावर आज खोली आहे, हे मी इथे विचारत नाही.

या बाया संघात आल्या कशा? पायी. महाप्रजापती गौतमीला संघात प्रवेश नाकारला गेला होता. तेव्हा केस कापून, भगवी वस्त्रे नेसून ती शाक्य स्त्रियांसह कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत चालत गेली. पाय सुजलेले, अंगभर धूळ, अशी ती दाराबाहेर रडत उभी राहिली. आनंदाने रदबदली केली आणि दार उघडले. पण आठ अटींवर. शंभर वर्षांच्या भिक्षुणीनेही आज दीक्षा घेतलेल्या भिक्षूला वंदन करायचे, ही त्यातली पहिली. या अटी नंतर घातल्या गेल्या असाव्यात, असे काही अभ्यासक म्हणतात.

पुढची गोष्ट आपल्या जास्त कामाची आहे. विनयात नियम आहे की भिक्षुणीने एकटीने गावोगाव फिरू नये, एकटीने नदी ओलांडू नये, रात्री एकटीने राहू नये. नदीच्या नियमामागची कथाही तिथेच दिली आहे. साकेतहून श्रावस्तीला दोन भिक्षुणी निघाल्या होत्या. नावाडी म्हणाला, दोघींना एकदम नेता येणार नाही. एक पलीकडे पोचली, एक अलीकडे राहिली, आणि दोघींवर अत्याचार झाला. त्यानंतर नियम झाला, तो भिक्षुणींसाठी! नावाड्याचे काय झाले, ते कथेत नाही. मात्र उप्पलवण्णेवर अत्याचार झाला तेव्हा दोष तिचा नाही, असे विनय स्वच्छ सांगतो. तेवढे म्हणायलाही आपल्या पोलीस चौक्यांमध्ये अजून जीभ वळत नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच गावात शाळेतल्या दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाला. २० तारखेला माणसे रुळांवर उतरली, कितीतरी तास गाड्या थांबल्या. बायाही होत्या, घसा फुटेपर्यंत ओरडत. तो राग खरा होता. पण पुढच्याच आठवड्यात आमच्या चाळीत काय ठरले? मुलींनी क्लासला एकटीने जायचे नाही, अंधार पडायच्या आत घरात. मुलग्यांशी कोण काय बोलले? कुणीच नाही. नावाडी सुटला, नदी मात्र आपल्याला बंद झाली.

काहीजणी म्हणतील, मग गटाने जा ना. जाऊ की. गटाने जाण्यात मजा आहे, आधारही आहे. पण गट ही आवड असावी, परवाना नव्हे. त्या चैत्यात मी तासभर नुसती बसले होते. कुणाला चहा द्यायचा नव्हता, कुणाची वाट बघायची नव्हती. असा तास लेक्चरने मिळत नाही.

बेडशाला जायचे असेल तर लोणावळ्याहून पुणे लोकलने कामशेतला उतरा. पाणी आणि भाकरी घरूनच न्या. कोंडाण्याला जाणार असाल तर परतीच्या टमटमची वेळ जातानाच विचारून ठेवा. ज्यांना आणखी काही विचारायचे असेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत गाठा, मी मागच्या बाकावर आहे.