भिवंडीच्या मोहल्ला समित्या

यंत्रमागांच्या भिवंडीनं १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगली सोसल्या. शेजाऱ्याची धास्ती आणि खाकीचा संशय, दोन्ही मुरत गेली.

१९८८मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू, मुसलमान आणि पोलीस एकत्र बसू लागले. पुढाऱ्यांची शांतता समिती एरवीही असतेच. ती बहुधा आग लागल्यावर जमते. इथं मात्र गल्लीतली साधी माणसं होती, आणि बैठका शांततेच्या दिवसांत होत. किरकोळ तंटे, अफवा, सणांच्या मिरवणुका असे विषय निघत. पोलिसाची ओळख आरोपी किंवा फिर्यादी न होताही होऊ लागली, हे महत्त्वाचं.

डिसेंबर १९९२मध्ये बाबरी मशीद पाडल्यावर मुंबई पेटली. भिवंडी शांत राहिली! पुढे माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आदींनी मुंबईतही अशीच चळवळ उभारली.

मात्र हा विश्वास कायमचा नव्हता. जुलै २००६मध्ये भिवंडीतच, कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून वाद चिघळला. पोलिसांनी गोळीबार केला, माणसं दगावली. जमावाच्या हल्ल्यात दोन पोलीसही मारले गेले.