आयव्हीएफ : आशा आणि हिशोब



लग्नाला तीन-चार वर्षं झाली, पाळणा हलला नाही, की आपल्याकडे सुनेची फाईल तयार होते. रक्ततपासण्या, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, झालंच तर नवस. मुलाला वीर्यतपासणीचं सुचवलं तर तो म्हणतो, ‘मला काय धाड भरलीय?’ सगळ्यांत सोपी, स्वस्त आणि न दुखणारी तपासणी हीच. होते मात्र सगळ्यांत शेवटी. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावं. पत्नीची पस्तिशी उलटली असेल तर सहा महिन्यांतच.

उपचार ठरतो कारणावरून. बीज वेळेवर फुटत नसेल तर अनेकदा गोळ्यांनी भागतं. शुक्राणू थोडे कमी असतील तर ते धुऊन, निवडून थेट गर्भाशयात सोडतात. हे आययूआय, त्याला निदान एक नळी मोकळी लागते. दोन्ही बंद असतील तर आयव्हीएफ, म्हणजे बीज शरीराबाहेर, प्रयोगशाळेत फळवायचं. शुक्राणू फारच कमी असतील तर इक्सी, म्हणजे एका बीजात एकच शुक्राणू बारीक सुईनं सोडायचा.

आयव्हीएफमध्ये साधारण १० ते १२ दिवस रोज इंजेक्शन असतं. एरवी महिन्याला एक बीज पिकतं, इथे अनेक पिकवायची असतात. शेवटचं इंजेक्शन घड्याळ लावून, बहुधा रात्री. त्यानंतर सुमारे ३६ तासांनी भूल देऊन बीजं काढतात. मग गळती सुरू होते. समजा, १२ बीजं निघाली. त्यांतली ९ पक्व, ६ फळली, पाचव्या दिवसापर्यंत तगले ३ गर्भ. यात कुणाचा दोष नसतो. वय वाढलं की ही गळती वाढते, आणि बीजाचं वय मागे नेणारं औषध नाही.

म्हणून ‘७० टक्के यश’ अशी पाटी दिसली की विचारा: रक्ततपासणी पॉझिटिव्ह आलेल्यांचे, की बाळ घेऊन घरी गेलेल्यांचे? कोणत्या वयाच्या? ‘एका खर्चात जुळी’ हा हिशोबही सोडा. जुळी बरेचदा अपुऱ्या दिवसांची जन्मतात. शक्यतो एकच गर्भ सोडावा, उरलेले गोठवावेत. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी १९७८ मध्ये गोठवलेल्या गर्भातून मूल जन्माला आणलं, तेव्हा सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं होतं. आज हे रोजचं काम झालं आहे.

बीजं काढल्यावर पोट फुगलं, धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच रुग्णालय गाठा. २०२१च्या कायद्यानुसार आयव्हीएफ केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. ती पाहिल्याशिवाय आणि संमतीपत्र वाचल्याशिवाय सही करू नका.

शेवटचं सांगतो. किती वेळा करायचं आणि किती पैसे घालायचे, हे पहिल्या इंजेक्शनाआधी दोघांनी ठरवा. निकाल निगेटिव्ह आला त्या संध्याकाळी ठरवायला बसू नका. त्या संध्याकाळी माणूस मंगळसूत्रही गहाण टाकायला तयार होतो.